नवा टॅटू, जुलैचा पाऊस आणि सेंट्रलची गर्दी

पाऊसवेडी | १४ जुलै, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपराच्या जरा अलीकडेपर्यंत प्राजक्ताची फांदी काढून घेतली आहे. काळ्या बारीक रेषा, देठांना केशरी-लाल रंग, पानांना करडी छटा. काम झकास झालंय. सुयांचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, शाई छोट्या टोप्यांमध्ये काढून घेतली, हातमोजे दोनदा बदलले, त्यामुळे त्या बाजूने निश्चिंत आहे. शेवटी वरून पारदर्शक चिकट पट्टी लावून दिली, तिला सेकंड स्किन म्हणतात म्हणे. आणि हातात एक छापील कागद. त्यावर लिहिलंय : ओलं होऊ देऊ नका, घाम येऊ देऊ नका, गर्दी टाळा.

मी राहते कांजूरमार्गला, ऑफिस लोअर परळला, दादरला गाडी बदलायची, महिना जुलै. यातली नेमकी कुठली सूचना पाळू?

घरी आईचं हळद-तूप सुरू झालंय. मैत्रीण म्हणते नारळाचं तेल. इंटरनेटवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. ज्यांनी मुंबईत, पावसाळ्यात हे निभावलंय त्यांनी कृपया लिहा.

अण्णा_गिरगाव | १४ जुलै, रात्री ११:१५

मुळात जुलैत करायला कोणी सांगितलं होतं? (कृपया हलके घ्या.)

पाऊसवेडी | १४ जुलै, रात्री ११:१८

बोनस जुलैत झाला, अण्णा.

सुईवाला_ठाणे | १५ जुलै, सकाळी ९:३०

मी हेच काम करतो, ठाण्यात. स्टुडिओचं नाव सांगत नाही, जाहिरात नको.

तो कागद बहुतेक बाहेरच्या देशातल्या कुठल्या तरी कागदावरून उतरवलेला असतो. तिकडची हवा थंड आणि कोरडी, त्यांची चिंता कातडी सुकून तडकण्याची. आपली चिंता उलटी. आपल्याकडे जखम सुकतच नाही. ताजा टॅटू बिघडून माझ्याकडे परत येणाऱ्यांमध्ये मलम कमी लावलेले फार थोडे असतात. बहुतेकांनी थापलेलं असतं. दिवसातून पाच वेळा जाड थर, त्यावर घाम, त्यावर फुलशर्ट. आत सगळं भिजून कातडी पांढरी आणि लिबलिबीत. खपली मऊ होते, फुगते, शर्टाला चिकटून निघते आणि तिच्यासोबत शाई जाते.

पट्टी साधारण तीन ते पाच दिवस ठेवतात. पहिले एक-दोन दिवस आत काळपट पाणी साठतं, ते नॉर्मल आहे. रक्तातलं पाणी आणि जास्तीची शाई असते ती. पण कड सुटली, पाणी बाहेर गळायला लागलं किंवा बाहेरचं पाणी आत शिरलं, की पट्टीची मुदत तिथेच संपली. मग तिसरा दिवस असो की पहिला, काढायची. वरून सेलोटेप मारू नका, लोक मारतात. कड सुटलेली पट्टी म्हणजे आत कोमट पाणी आणि जंतू यांना भाड्याने दिलेली खोली.

आणि स्वयंपाकघरातलं क्लिंग फिल्म ही वेगळी गोष्ट. ते श्वास घेत नाही. स्टुडिओतून घरी जाईपर्यंत ठीक, रात्रभर गुंडाळून झोपू नका.

पट्टी निघाल्यावर : सकाळ-संध्याकाळ बिनवासाच्या साबणाने हाताने हलकं धुवायचं, टिपायचं, दहा-पंधरा मिनिटं पंख्याखाली तसंच सोडायचं, मग तुमच्या फांदीएवढ्या कामाला तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढं साधं लोशन. लावल्यावर चकाकायला लागलं तर जास्त झालं, टिपून घ्या. ज्या दिवशी हवा पार दमट असेल आणि कातडी ओढत नसेल त्या दिवशी लावलं नाही तरी चालतं.

मावशी_डोंबिवली | १५ जुलै, सकाळी ११:०५

हळदीला नावं ठेवू नका हं. आमच्या सासूबाईंच्या हातावर तुळशीवृंदावन होतं गोंदलेलं, कपाळावर ठिपका. जत्रेत गोंदणारीण बसायची, सुया दोऱ्याने बांधलेल्या, काजळीचा रंग. झाल्यावर हळद आणि तेल लावायचे, एवढंच. ऐंशी वर्षांच्या होईपर्यंत ते वृंदावन हिरवंगार दिसत होतं. लोशन कुठलं नि काय कुठलं.

आणि वांगं, आंबट काही दिवस बंद कर बाई. आंबट खाल्लं की पू होतो.

दमट_हवा_फॅनक्लब | १५ जुलै, दुपारी १२:४०

मावशी, सासूबाईंचं टिकलं ते दिसलं. ज्यांचा हात सुजला, ताप आला, त्यांचे किस्से कोणी पुढे सांगत नाही ना.

मी जिममधल्या पोरांचे व्हिडिओ बघून पेट्रोलियम जेलीचा जाड थर सुचवणार होतो, पण वरचा प्रतिसाद वाचून गप्प बसतो. तरी एक शंका. सगळीकडे सांगतात ना, मॉइश्चर ठेवलं की जखम लवकर भरते? मग कोरडं ठेवा कसं काय?

त्वचा_पार्ले | १५ जुलै, रात्री ९:२०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे लिहिते ती सर्वसाधारण माहिती आहे, हात न बघता औषध सांगणार नाही, त्यामुळे व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) फोटो पाठवू नयेत.

दोन्ही खरं आहे. जखमेला किंचित ओलावा हवा, तिने पाण्यात डुंबायला नको. कोरड्या हवेत ओलावा टिकवायला मलम लागतं. मुंबईत जुलैत हवेत आर्द्रता इतकी असते की ते काम हवाच करते. एसी ऑफिसात दिवसभर बसणाऱ्यांची कातडी मात्र दुपारनंतर ओढू लागते, त्यांनी एकदा लोशन लावावं. पेट्रोलियम जेली विष नाही, पण घामट हवेत तिचा जाड थर घामाच्या आणि केसांच्या छिद्रांवर बसतो आणि टॅटूभर बारीक पुटकुळ्या उठतात. लोकांना वाटतं शाईची ॲलर्जी झाली.

हळदीबद्दल. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. डब्यात तोच चमचा, तेच ओले हात. हळदीची ॲलर्जी असणारेही असतात, आणि उघड्या कातडीवर ती उठली तर खाज, पुरळ, पाणी असा सगळा खेळ होतो. प्यायच्या दुधात खुशाल घाला. तुपाचा उपयोग पुरणपोळीवर.

घरात पडलेल्या जुन्या प्रतिजैविक मलमांच्या ट्यूबाही नकोत. सोफ्रामायसिनच्या जातकुळीतल्या औषधांची संपर्कातून होणारी ॲलर्जी आम्ही नेहमी बघतो. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड हे तर नकोच, जंतूंबरोबर नव्या पेशीही जळतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे केमिस्टने "खाज येतेय ना, हे लावा" म्हणून दिलेली मिश्र ट्यूब, जिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक असं सगळं असतं. मुंबईत गजकर्णाचं जे पीक आलंय त्यात या ट्यूबांचा मोठा हात आहे. स्टेरॉइडने खाज थांबते, लाली दबते आणि खाली बुरशी निवांत पसरते. नव्या टॅटूवर ती लावणं म्हणजे जखम भरायची प्रक्रियाच मंदावणं.

मावशी, वांगं आणि आंबट याने पू होत नाही. पू जंतूंनी होतो. मधुमेह असेल तर साखर मात्र ताब्यात ठेवा, त्याचा जखम भरण्याशी थेट संबंध आहे.

मावशी_डोंबिवली | १५ जुलै, रात्री ९:४५

बरं बाई, वांगं चालू. हळदीचं मी मनाने ठरवीन.

विरार_फास्ट | १६ जुलै, सकाळी ८:१०

धागाकर्ती, गर्दीचं मी सांगतो, या विषयात डॉक्टरेट आहे माझी.

टॅटूचा हात वरच्या कडीला द्यायचा नाही. कडी धरली की आतली बाजू नेमकी समोरच्याच्या नाकासमोर आणि कोपराच्या वाटेत येते. दुसऱ्या हाताने धरा. बॅग पुढे छातीवर घ्या आणि टॅटूचा हात बॅग आणि पोट यांच्या मध्ये ठेवा, जसं लोक मोबाईल सांभाळतात तसा. दाराजवळ उभं राहू नका, तिथला पाऊस तिरका येतो आणि पत्र्यावरून येतो.

सैल, पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता. पण तो पूर्ण वाळलेला हवा! पावसाळ्यात घरात दोरीवर वाळवलेल्या कपड्याला तो कुबट वास येतो ना, तसला कपडा जखमेवर नको. सकाळी बाहीवर आतून कडक इस्त्री फिरवायची. एक जादा कुर्ता ऑफिसच्या खणात ठेवा, दादरचा पूल चढेपर्यंत पहिला भिजणारच आहे.

सुईवाला_ठाणे | १६ जुलै, सकाळी ८:४०

इस्त्रीचा मुद्दा एक नंबर. टॉवेलचंही तेच. बाथरूममधला कायम ओला, सगळ्या घराचा टॉवेल टॅटूला लावायचा नाही. साधा टिश्यू, किंवा धुऊन इस्त्री केलेला मलमलचा तुकडा. टिपायचं, पुसायचं नाही.

पाऊसवेडी | १७ जुलै, रात्री ११:३०

मंडळी, घाबरलेय. आज ऑफिसातून आले तर पट्टीच्या आत मनगटाकडच्या टोकाला फुगा आलाय. जांभळट-काळं पाणी, हात हलवला की इकडून तिकडे वाहतं. आणि कोपराकडची कड जिथे वाकते तिथे सुरकुती पडून उघडलीय. बाहीला काळा डाग लागलाय. फांदी धड दिसतच नाही. शाई सगळी बाहेर आली का?

सुईवाला_ठाणे | १७ जुलै, रात्री ११:४२

नाही आली. झोपायच्या आधी काढून टाका, सकाळची वाट बघू नका.

आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. मग नळाखाली कोमट पाण्याची धार पट्टीवर धरा, एक-दोन मिनिटं. कोपऱ्यातली कड नखाने उचला. आता महत्त्वाचं : वर ओढायचं नाही. बँडेज फाडतात तसं तर अजिबात नाही. कातडीला समांतर, लांब ताणायचं, रबर ताणतो तसं. ताणलं की गोंद आपोआप सुटतो. केसांच्या दिशेने काढा. मध्ये कुठे अडकली तर पुन्हा पाणी.

निघाल्यावर खाली बुळबुळीत थर असेल, किंचित लोखंडासारखा वास येईल. बोटांच्या पेरांनी साबणाचा फेस हलकेच फिरवा, बुळबुळ जाईपर्यंत. दोन-तीनदा धुवावं लागेल. स्पंज, घासणी काही नको. मग टिपा आणि पंखा. आज रात्री लोशन लावू नका. दुसरी पट्टीही लावू नका.

पलंगावर जुनी पण धुतलेली चादर टाका, डाग पडेल. सकाळी चादर चिकटलेली दिसली तर ओढू नका, तशीच चादरीसकट बाथरूममध्ये जा आणि पाणी टाकून सोडवा. हसू नका, लोक झोपेत ओढतात आणि अर्धं फूल गादीवर राहतं.

पाऊसवेडी | १८ जुलै, रात्री १२:३५

काढली. तुम्ही म्हणालात तसंच झालं, बुळबुळ आणि वाससुद्धा. धुतल्यावर फांदी जशीच्या तशी, उलट रेषा स्वच्छ दिसतायत. फक्त पट्टीच्या कडेच्या बरोब्बर चौकटीत लाल पट्टा उमटलाय आणि तिथे खाज आहे. टॅटूवर नाही, कडेलाच.

त्वचा_पार्ले | १८ जुलै, सकाळी ७:५०

चौकटीच्या आकाराची लाली म्हणजे पट्टीच्या गोंदाची प्रतिक्रिया. काही दिवसांत जाईल. पुढच्या वेळी टॅटू करताना आणि कुठल्याही ऑपरेशनच्या वेळी चिकटपट्टीची ॲलर्जी आहे असं आवर्जून सांगा.

धुण्याच्या पाण्याबद्दल एक राहिलं. नळाला स्वच्छ पाणी येत असेल तर तेच ठीक. पण सोसायटीत टँकर येत असेल किंवा पावसात पाणी गढूळ येत असेल, तर पहिले दोन आठवडे उकळून कोमट केलेलं पाणी वापरा. घरात पाणी तसंही उकळतच असाल या दिवसांत.

कोरीव_लेणं | २१ जुलै, दुपारी ३:२०

आयता धागा मिळाला, माझीही शंका टाकते. माझ्या पोटरीवरच्या नव्या टॅटूची सालं निघतायत, आणि सालावर रंग दिसतोय! काळे कण. आंघोळीच्या पाण्यातही दिसले. कलाकार म्हणतो काही नाही होत. पण रंग जातोय हे डोळ्यांनी दिसतंय. शिवाय जिथलं साल निघालं तिथे टॅटू पुसट, दुधाळ दिसतोय. खाज तर विचारू नका.

त्वचा_पार्ले | २१ जुलै, रात्री १०:००

सुई शाई सोडते ती वरच्या थराच्या खाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, डर्मिस नावाच्या थरात. पण जाताना वाटेत वरच्या थरातही शाई सांडते. तो वरचा थर, एपिडर्मिस, तसाही साधारण महिन्याभरात नवा येतो आणि जखम झाल्यावर त्याहून लवकर सुटतो. तुमच्या सालावर दिसतेय ती ही वाटेत सांडलेली शाई.

खालची शाई का टिकते हे मजेशीर आहे. शरीराला ती परकी वाटते, म्हणून मॅक्रोफेज नावाच्या पेशी ते कण गिळायला येतात. गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि तिथेच बसून राहतात. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की शाई मोकळी होते आणि शेजारची नवी पेशी तीच पुन्हा गिळते. म्हणजे तुमचा टॅटू ही रोगप्रतिकारशक्तीची न संपणारी शिफ्ट ड्यूटी आहे. काही शाई लसिकाग्रंथींपर्यंतही पोचते.

दुधाळपणा म्हणजे नवी, अजून पक्की न झालेली कातडी. तिच्याआडून टॅटू धूसर दिसतो. वरून दोन ते चार आठवड्यांत भरतं, पण आतली डागडुजी दोन-तीन महिने चालते. रंगाचा निकाल तोवर लावू नका.

खाजेसाठी : खाजवायचं नाही, साल ओढायचं नाही. टिश्यूत गुंडाळलेला थंड पॅक बाजूला धरा. फारच झोप उडत असेल तर डॉक्टरांना विचारून ॲलर्जीची गोळी.

विरार_फास्ट | २१ जुलै, रात्री १०:३०

"न संपणारी शिफ्ट ड्यूटी". डॉक्टर, माझ्या नोकरीचं वर्णन फुकट केलंत.

कोरीव_लेणं | २१ जुलै, रात्री ११:०५

धन्यवाद डॉक्टर, रात्रीची झोप परत दिलीत. वाचनखूण साठवली.

पाऊसवेडी | २५ जुलै, रात्री ९:१५

माझीही सालं सुरू झाली, पण वरचं वाचल्यामुळे शांत आहे. आज दुसरंच झालं. गाड्या बंद पडल्या, दादरहून हिंदमातापर्यंत चालत आले, तिथे पाणी गुडघ्याच्या वर. टॅटूचा हात वर धरून चालत होते, पण शेजारून बस गेली आणि लाट अंगावर आली. हात कोपरापर्यंत भिजला. घरी पोचल्यावर साबणाने धुतला. आणखी काही करायला हवं?

त्वचा_पार्ले | २५ जुलै, रात्री ९:३२

हो. उद्या सकाळी डॉक्टरकडे जा. महापालिकेचा दवाखानाही चालेल.

कारण लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, घुशी, कुत्रे, गुरं यांच्या लघवीतून हे जंतू साठलेल्या पाण्यात येतात आणि कातडीच्या लहानशा भेगेतूनही आत शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हे फार जवळून पाहिलं. सालं निघत असलेला टॅटू म्हणजे भेग नाही, अख्खी फांदीभर वाट आहे. जखम असताना पुराच्या पाण्यातून गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध घ्यावं असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर वेगळं. किती आणि कसं ते डॉक्टर ठरवतील. केमिस्टकडून आपल्या मनाने घेऊ नका. ते घेतलं तर ऊन जास्त लागतं, हात झाका.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सडकून अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही आलं तर अंगावर काढू नका, आणि डॉक्टरांना पुराच्या पाण्याचं आधी सांगा.

अण्णा_गिरगाव | २५ जुलै, रात्री ९:५०

चेष्टा बाजूला. पोरी, उद्या नक्की जा. टॅटू नसताही गेलं पाहिजे, पायाला कुठे ना कुठे खरचटलेलं असतंच.

पाऊसवेडी | २६ जुलै, दुपारी १:१०

जाऊन आले. गोळी घेतली. दवाखान्यात रांग होती, सगळे हिंदमातावालेच.

ताशेवाला_परळ | २९ जुलै, रात्री ११:५५

ऐन वेळी आलो धाग्यावर. आमच्या पथकाचा सराव चालू आहे, आगमन सोहळे सुरू होतील. मला डाव्या बरगडीवर बाप्पा करून घ्यायचाय, गणपतीच्या आधी पूर्ण पाहिजे. ताशा गळ्यात असतो, पट्टा बरगडीवरून जातो. तीन आठवडे आहेत. जमेल?

सुईवाला_ठाणे | ३० जुलै, सकाळी ९:००

भावा, नाही. असं काम मी नाकारतो, पैसे गेले तरी. ताशाचा पट्टा तासन् तास एकाच जागी घासणार, घामाने चिंब कुर्ता, वरून गुलाल. गुलालाची बारीक पूड अर्धवट भरलेल्या कातडीत बसली तर आग होते, पुरळ येतं, आणि त्यात काय मिसळलंय कुणाला ठाऊक. मग विसर्जनाला समुद्रात उतरणार तू, उतरशीलच. विसर्जन झालं की ये, पाऊसही सरत आलेला असेल. बाप्पा काही रागावणार नाही.

त्वचा_पार्ले | ३० जुलै, दुपारी २:१५

सहमत. समुद्र, तलाव, पोहण्याचा तलाव, सगळं किमान तीन-चार आठवडे बंद, आणि साल निघत असेल तोवर तर नाहीच. खाऱ्या पाण्याने जखम बरी होते हा समज गिरगाव किंवा जुहूच्या पाण्याबाबत तरी सोडून द्यावा.

ताशेवाले, तुमच्या किंवा घरच्या कुणाच्या जखमेचा वण फुगून, जाड होऊन वाढलाय का? कान टोचल्यावर गाठ आलीय का? तसं असेल तर छाती, खांदा या जागा टाळा, तिथे असे वाढणारे वण (केलॉइड) जास्त होतात. सोरायसिस किंवा कोड असेल तरी आधी विचारा, सुईच्या जागी नवा चट्टा उठू शकतो.

ताशेवाला_परळ | ३० जुलै, दुपारी २:४०

वण वगैरे नाही कुणाला. ठीक, विसर्जनानंतर. पथकातल्या दोघांनी जत्रेत स्टॉलवर करून घेतलंय, त्यांना हा धागा पाठवतो.

त्वचा_पार्ले | ३० जुलै, रात्री ८:३०

त्यांना हेही पाठवा. जत्रेत एकच सुई आणि एकच शाईची वाटी दहा जणांना फिरली, तर मलम कुठलं लावलं याला अर्थ राहत नाही. हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, आणि वरून टॅटू सुंदर भरलेला असतो. तसा संशय असेल तर रक्त तपासून घ्या, आणि एकदा तपासून भागत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं. हेपॅटायटिस बीची लस आहे, घेतलेली नसेल तर घ्या.

आता बिघडल्याची खूण काय ते सगळ्यांसाठी. पहिले दोन-तीन दिवस लाली, किंचित सूज, ऊब हे चालतं, रोज कमी होत गेलं पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर वाढत जाणारी लाली, ठणका, पिवळा-हिरवा पू, घाण वास, लाल रेघ वर सरकत जाणं, काखेत गाठ, ताप यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पेनने लालीच्या कडेला रेघ मारून ठेवा, रेघ ओलांडली की कळतं.

उशिरा येणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, करड्या छटेत एक-दोन आठवड्यांनी उठणाऱ्या लालसर गाठी, साध्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या. त्यांच्यामागे पाण्यात राहणारे क्षयरोगाच्या जंतूंचे भाऊबंद असतात. २०११च्या अखेरीस अमेरिकेत रॉचेस्टरला पाणी मिसळून पातळ केलेल्या करड्या शाईतून अशी साथ आली होती. म्हणून काळी शाई पातळ करायला नळाचं किंवा बाटलीचं पाणी वापरत नाहीत ना, हे आधी बघा. दुसरी, लाल रंगाची ॲलर्जी. महिन्यांनी, कधी वर्षांनीही येते. फक्त लाल भाग उचलून येतो, खाजतो. पाऊसवेडी, तुमच्या देठांवर जरा लक्ष ठेवा, घाबरू मात्र नका.

सुईवाला_ठाणे | ३० जुलै, रात्री ९:१०

शाई पातळ करायला निर्जंतुक पाणी वेगळं मिळतं, किंवा तयार करडी शाई. ग्राहकाने विचारलं तर कलाकाराला राग यायचं कारण नाही. आला तर उठून निघा.

मावशी_डोंबिवली | ३१ जुलै, सकाळी १०:२०

सासूबाईंच्या वेळी सगळ्या गावाला एकच गोंदणारीण होती आणि सुयाही त्याच. आज वाचून अंगावर काटा आला. हळदीबाबत माझं मत कायम आहे, पण सुयांचं पटलं.

पाऊसवेडी | ११ ऑगस्ट, रात्री ८:४५

अपडेट. सालं संपली, कातडी अजून जरा चकचकीत आहे पण रेषा सगळ्या शाबूत. मनगटाजवळ एका फुलाचा देठ फिका वाटतोय. तापबीप काही आला नाही. आता उन्हाचं सांगा, सनस्क्रीन कधीपासून?

सुईवाला_ठाणे | ११ ऑगस्ट, रात्री ९:०५

साल पूर्ण संपून चकाकी गेली की लावा, त्याआधी बाही. एसपीएफ ३० किंवा वर, बाहेर पडायच्या आधी, आणि घाम आला की पुन्हा. ढग आहेत म्हणून सोडू नका. मनगटाजवळ कातडी सारखी घडी पडते, तिथला रंग सगळ्यांचाच जरा उडतो. दोन महिने थांबा आणि मग तुमच्या कलाकाराकडून टचअप करून घ्या, बरेच जण पहिला फुकट करतात. आत्ता घाईने करू नका.

पाऊसवेडी | १६ ऑगस्ट, रात्री १०:१०

शेवटचा प्रश्न, मग धागा वर काढणार नाही. आमच्या मंडळाचं गणपतीत रक्तदान शिबिर असतं, दरवर्षी देते. या वर्षीही नाव दिलंय. गोळ्यांचा कोर्स संपलाय, टॅटू भरलाय, तर चालेल ना?

त्वचा_पार्ले | १६ ऑगस्ट, रात्री १०:२५

नाही. टॅटूनंतर साधारण वर्षभर रक्त घेत नाहीत, सुया कितीही नव्या असल्या तरी. नोंदणीच्या फॉर्मवर तो प्रश्न असतोच, खरं उत्तर लिहायचं.

अण्णा_गिरगाव | १६ ऑगस्ट, रात्री १०:३१

तिथे टेबलावर फॉर्म भरून घ्यायला माणूस कायम कमी पडतो. तू तिथे बस. बाही वर करून आलेल्या प्रत्येकाचा हात बघायचा आणि विचारायचं, "कधी केलात?" ताशेवाल्याच्या त्या दोघांना पहिलं पकड.

ताशेवाला_परळ | १६ ऑगस्ट, रात्री १०:५०

त्यांची रक्ततपासणी झाली, पहिला रिपोर्ट ठीक आला. दुसऱ्यासाठी ऑक्टोबरची तारीख आहे. रक्तदानाला नाही येणार, पण बिस्किटं वाटायला पाठवतो.